लेंगारूच्या पाण्याखालचा ठोका

मुलांनो, जरा माझ्याबरोबर चला. समजा, तुम्ही एका घरात पालथे पडला आहात. घर समुद्रात उभं आहे, लाकडी खांबांवर. जमीन फळ्यांची आहे आणि दोन फळ्यांच्या मध्ये बोटभर फट आहे. फटीला डोळा लावला की खाली तळ दिसेल असं हिरवं पाणी. घराच्या सावलीत माशांच्या चंदेरी पिल्लांचा एक थवा थांबलाय. शाळेला सुट्टी आहे, उठवायला कोणी येणार नाही, आणि मासे इतके स्तब्ध आहेत की बघता बघता तुमचेच डोळे जड व्हायला लागलेत.

आणि एकदम सगळे मासे दचकतात!

दगड पडलेला नाही. मोठा मासा आलेला नाही. थवा फुटतो, पुन्हा जुळतो, शांत होतो. तुम्ही श्वास रोखून बघत राहता. थोडा वेळ जातो आणि पुन्हा सगळे एकदम दचकतात.

तुम्ही काय केलं असतं? मारलिनाने हाक मारली.

"डुल्ला! रिझ्की! लवकर या! खाली मासे दचकतायत!"

"दचकणारच," बाहेरच्या ओट्यावरून डुल्लाचा आवाज आला. "फटीतून तुझं तोंड दिसलं असेल त्यांना!"

पण तो आला. डुल्ला शेजारच्या घरातला, मारलिनाहून एका वर्षाने लहान, आणि जागा असला की बोलत असलेला. त्याच्या मागून रिझ्की आला. रिझ्की मारलिनाच्या मावशीचा मुलगा. दरवर्षी सुट्टीत सुराबायाहून बोटीने लेंगारू बेटावर यायचा आणि पहिले दोन दिवस मोबाइल हातात धरून गावभर रेंज शोधत हिंडायचा.

तिघं ओळीने पालथे पडले.

"काही नाही दिसत," रिझ्की म्हणाला.

"थांब."

मासे दचकले.

"अरेच्चा!" रिझ्कीने मोबाइल खिशात टाकला. "उवा ढोल वाजवतायत ना, त्याने असेल."

उवा म्हणजे मारलिनाचे वडील. ते धक्क्यावर बसून ढोल वाजवत होते. सकाळपासून त्यांचा हात थांबला नव्हता, कारण लेंगारूत मानाचे दिवस चालू होते. वर्षातून एकदा इथले बाजाव कोळी समुद्राला मान देतात. ढोल सुरू झाला की गावातली एकही होडी मासेमारीला सुटत नाही. शेवटच्या दिवशी नैवेद्य समुद्रात पोहोचला, की मगच दोर सोडायचे. तोवर सगळं गाव घरीच, खाणंपिणं, गप्पा, भांडणं.

"ढोल बघ किती पटपट वाजतोय," मारलिना म्हणाली. "आणि मासे किती वेळाने दचकतायत! दोन्हीचा मेळ कुठे बसतोय?"

ती उठली, शिडीवरून खाली उतरली आणि पाण्यात बुडी मारली. वर आली तेव्हा तिचे डोळे मोठे झाले होते.

"पाण्यात आवाज आहे! ढुप्प... असा. खूप लांबून. कानात कमी आणि छातीत जास्त लागतो."

"छातीत लागतो म्हणजे तुझं हृदय," रिझ्की म्हणाला. "पाण्याखाली स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. आमच्या सरांनी सांगितलंय."

"तुमच्या सरांनी कधी पाण्यात तोंड घातलंय?" डुल्ला म्हणाला. "बादलीत सोडून?"

मारलिना चिडली नाही. तिने थोडा विचार केला. "हृदय प्रत्येकाचं वेगळं असतं ना? मग आपण तिघंही बुडू. तीन खांबांजवळ, एकमेकांकडे पाठ करून. आवाज आला की हात पाण्याबाहेर काढायचा. ओट्यावरून एम्माला बघायला सांगू."

एम्मा, म्हणजे तिची आई, ओट्यावर कसाव्याचे कंद किसत बसली होती. "मला वेळ नाही तुमच्या खेळाला," ती म्हणाली, पण किसणी खाली ठेवून बघायला लागली.

तिघं बुडले. थोड्या वेळाने तीन हात वर आले. एकाच वेळी. पुन्हा बुडले. पुन्हा तीन हात, एकाच वेळी.

"आता हे काय नवीन नाटक?" एम्मा म्हणाली. "कवायत करताय की काय?"

रिझ्कीने नाकातलं पाणी शिंकरलं. "बरं, हृदय नाही. पण ढोल असू शकतो. सगळे ठोके पोहोचत नसतील, एखादाच जोरदार ठोका पोहोचत असेल."

हे बोलणं खोडता येत नव्हतं. मारलिना ओठ चावत खांबाला धरून तरंगत राहिली. इतक्यात मशिदीतून दुपारची अजान सुरू झाली आणि धक्क्यावरचा ढोल थांबला. अजान चालू असताना ढोल वाजत नाही. सगळं गाव क्षणात शांत झालं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि डोकं पाण्यात घातलं.

ढुप्प.

मग बऱ्याच वेळाने पुन्हा, ढुप्प.

वर आल्यावर पहिल्यांदाच डुल्लाच्या तोंडून शब्द निघेना. त्याने नुसतं बोट दाखवलं. बाहेरच्या खडकांच्या पलीकडे, क्षितिजाला चिकटल्यासारखं एक उंच जहाज हळूहळू सरकत होतं. कंपनीचं जहाज.

कंपनी समुद्राखाली तेल आणि गॅस शोधायला आली होती. कसं शोधतात ते कंपनीच्याच माणसाने, पाक हेंद्रा यांनी (मोठ्या माणसाला तिथे आदराने पाक म्हणतात), शाळेत येऊन चित्रं लावून दाखवलं होतं. जहाजामागे लांबलचक केबल सोडतात. पाण्याखाली दाबलेल्या हवेचा बार काढतात. तो आवाज समुद्राच्या तळाच्याही खाली घुसतो, आदळून परत येतो, आणि त्यावरून खाली काय दडलंय ते कळतं. "पण घाबरू नका," पाक हेंद्रा हसून म्हणाले होते. "गावाने बैठकीत हो म्हटल्याशिवाय एकही बार निघणार नाही. हा माझा शब्द."

बैठक अजून झाली नव्हती. मान संपला, की जिल्ह्याचे अधिकारी बोटीने येणार आणि मगच ती होणार होती.

"म्हणजे शब्द पाण्यात गेला!" डुल्लाला वाचा फुटली. "चोरून बार काढतायत!"

"पण आत्ताच का?" रिझ्कीने विचारलं.

"कारण आत्ता पाण्यात कोणीच नाही! सगळ्या होड्या बांधलेल्या. कुणाला कळणार?" बोलता बोलता मारलिना थांबली. "उद्या नैवेद्य आहे."

"मग?"

"सहारूनदादा!"

रिझ्कीला समजायला क्षणभर लागला. लेंगारूचा नैवेद्य लाटांवर सोडून देत नाहीत. केळी, रंगवलेला भात, विडे आणि अंडं भरलेली टोपली एक पाणबुड्या हातात घेऊन खोल जातो आणि बाहेरच्या खडकाखालच्या कपारीत ठेवून येतो. कंबरेला दोर, छातीत एक श्वास, बाकी काही नाही. यंदा हा मान मारलिनाच्या थोरल्या भावाला पहिल्यांदाच मिळाला होता.

आणि जहाज बाहेरच्या खडकाच्या बाजूलाच येत होतं.

"माझ्या मामाला बघितलंय ना तुम्ही?" डुल्ला हलक्या आवाजात म्हणाला. "पलीकडच्या बेटावर राहतो तो. तिकडे असंच जहाज आलं होतं, आणि तो शंख काढायला खाली होता. वर आला तो कानातून रक्त. अजून त्याच्या उजव्या बाजूला उभं राहून बोललं तर ऐकू येत नाही. आणि तो जहाजापासून लांब होता!"

मारलिना शिडीवर चढायलाही लागली होती. "चला. पाक हाजींकडे."

हाजी बाद्रुन गावप्रमुख होते. ते मंडपात पंख्यासमोर बसून पाक हेंद्रांना नारळाचं पाणी पाजत होते. हाजींना कंपनी यायला हवी होती, आणि त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. लेंगारूचे दिवे डिझेलवर चालतात आणि रात्र चढली की विझतात. शेजारच्या बेटाखालून गॅस निघतो आणि नळीतून थेट जावाला जातो. "निदान या वेळी तरी आपल्या गावाला काहीतरी मिळू दे," असं ते सगळ्यांना सांगायचे.

मुलांनी धापा टाकत सगळं सांगितलं.

"पाण्यात ठोके?" हाजी हसले. "दोन दिवस ढोल ऐकून माझ्याही कानात ठोके बसलेत, पोरी! झोपेत पण वाजतात."

"पण अजानीच्या वेळी ढोल बंद होता, पाक हाजी!"

"अजानीच्या वेळी तुम्ही पाण्यात खेळत होता? ते आधी सांगा!"

डुल्ला रिझ्कीच्या मागे सरकला.

पाक हेंद्रांनी चष्मा पुसला. ते वाईट दिसत नव्हते. आवाज मऊ होता, शर्टाला इस्त्री होती. "बाळ, जहाजाचं इंजिन असतं ना, त्याचा आवाज पाण्यात फार लांब जातो. तेच ऐकलं असणार तुम्ही."

"इंजिन घर्र असं सलग वाजतं. हे थांबून थांबून वाजतंय."

"मोठं इंजिन आहे," पाक हेंद्रा म्हणाले आणि नारळाच्या पाण्यात बघायला लागले.

मारलिनाने ते बघणं टिपलं.

सहारून घराच्या मागच्या ओट्यावर बुडी मारताना घालायच्या लाकडी चष्म्याच्या काचा मेणाने बसवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या डोक्यावर टपली मारली.

"लिना, उद्या सगळं गाव धक्क्यावर असणार. मी काय सांगू? बहिणीला पाण्यात ढुप्प ऐकू आलं म्हणून मी जात नाही?"

"हो, असंच सांग!"

"आणि मग म्हातारा होईपर्यंत सगळे मला ढुप्पदादा म्हणतील."

"म्हणू देत की! कान तर राहतील!"

तो हसला, पण काचा बसवायचा थांबला नाही. "पाक हेंद्रांनी शब्द दिलाय ना सगळ्यांसमोर? मोठी माणसं असं उगाच बोलत नाहीत. जा, एम्मा पुतु वाफवतेय, गरम असतानाच खा."

कसाव्याचा पुतु खाता खाता मारलिना म्हणाली, "आपलं कोणी ऐकणार नाही. पाक हेंद्रांनीच बोललं पाहिजे."

"ते कशाला बोलतील?" रिझ्की म्हणाला. "ते तर इंजिन इंजिन करतायत."

"त्यांना माहीत आहे का, नैवेद्य कोणीतरी खाली घेऊन जातं ते?"

डुल्ला घास तोंडातच ठेवून थांबला. मग म्हणाला, "नसेल! सगळ्या बेटांवर नैवेद्य तरंगता सोडतात. छोटी होडी करून, फुलं लावून. त्यांना वाटत असणार आपणही धक्क्यावरूनच सोडतो!"

"मग त्यांना दादाच्याच होडीत बसवायचं," मारलिना म्हणाली. "खडकापर्यंत. दादाचा दोर धरायला. बार चालू असतील तर ते दादाला पाण्यात उतरूच देणार नाहीत. आणि नसतील, तर आपण चुकलो. मग मला खुशाल ढुप्पताई म्हणा."

यासाठी एम्बो सिनारची परवानगी हवी होती. एम्बो म्हणजे आजी; ही गावातली सर्वांत म्हातारी बाई. मानाचं सगळं तिच्या शब्दावर चालायचं, आणि ते शब्द तिखट असायचे. ती टोपलीला झालर लावत बसली होती.

"पाहुण्याला दोर धरायला द्यायचा?" तिने पानाची पिंक टाकली. "का?"

मारलिनाने खरं काय ते सांगितलं. एम्बो सिनारने ते ऐकलं, पण खरं म्हणाली नाही आणि खोटंही म्हणाली नाही.

"माझ्या सासूने एकदा पोलिसाला धरायला लावला होता," ती शेवटी म्हणाली. "ओकून ओकून अर्धमेला झाला बिचारा. या साहेबालाही बसव. पण ओहोटी लागली की होडी सुटेल. मी कोणाही साहेबासाठी थांबणार नाही. समुद्र थांबतो का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव धक्क्यावर लोटलं. बायकांनी पिवळे रुमाल बांधले होते. उवा ढोलापुढे मांडी घालून बसले होते. सहारूनने नवी लुंगी नेसली होती आणि तो कोणाच्याही नजरेला नजर देत नव्हता. तिन्ही मुलं मात्र एकाच वाटेकडे बघत होती. पाक हेंद्रा तिथून यायला हवे होते. सकाळी लवकर धक्क्यावर या, एवढंच मुलांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, दोराचं नाही.

ते आलेच नाहीत.

"मी बघून येतो!" रिझ्की धावला आणि तसाच परत आला. "आंघोळ करतायत! गाणं म्हणतायत आतून! येतो म्हणाले."

"गाणं?" डुल्ला ओरडला. "आत्ता?"

पाणी खांबांवरून खाली सरकायला लागलं होतं. ओहोटी लागली. एम्बो सिनारने टोपली सहारूनच्या हातात दिली आणि हात उंच केला. उवांनी पहिला ठोका टाकला.

"एम्बो, जरा थांबा ना!" मारलिना तिच्याकडे झेपावली.

"सांगितलं होतं मी," म्हातारी म्हणाली, पण नजर समुद्रावरच ठेवून. होडी सुटली. दोन वल्हेकरी ढोलाच्या तालावर वल्ही मारत होते आणि मध्ये सहारून ताठ बसला होता. नैवेद्याच्या होडीचा सगळा प्रवास ढोलावर चालतो. ढोल वाजतोय तोवर पुढे जायचं. मध्येच थांबला तर किनाऱ्यावर काहीतरी अघटित झालंय असं समजून, जिथे असू तिथून परत फिरायचं. पण असं कधी झालेलं गावात कोणालाच आठवत नव्हतं.

होडी लहान होत गेली. मारलिना धक्क्याच्या शिडीच्या खालच्या पायरीवर उतरली आणि तिने कानापर्यंत डोकं पाण्यात घातलं.

ढुप्प! कालच्यापेक्षा कितीतरी मोठा. दातांपर्यंत जाणवला.

ती वर आली तेव्हा पाक हेंद्रा फोटो काढत गर्दीतून येत होते. केस ओले, भांग पाडलेला. "वा, वा! सुरू झालं पण?"

आता काय करायचं, हे मारलिनाला सुचेना. पण डुल्लाला सुचलं. त्याने अगदी हळहळल्यासारखं तोंड केलं.

"अरेरे, पाक! किती उशीर केलात! एम्बो सिनारने तुमच्यासाठी केवढा मोठा मान राखून ठेवला होता! पाणबुड्याचा दोर तुम्हीच धरायचा होता."

"पाणबुड्याचा?" पाक हेंद्रा हसत म्हणाले. "कुठला पाणबुड्या? नैवेद्य तर सोडतात ना पाण्यावर?"

"छे हो! ते दुसरीकडे. आमचा सहारूनदादा घेऊन जातो ना खाली! तो बघा, बाहेरच्या खडकाजवळ पोहोचतच आलाय. तिथे बुडी मारायची आणि थेट तळाशी कपारीत..."

डुल्लाला वाक्य पुरं करावं लागलं नाही. पाक हेंद्रांच्या चेहऱ्यावरचं हसू जणू कोणी ओल्या फडक्याने पुसून टाकलं. त्यांनी आधी होडीकडे पाहिलं, मग जहाजाकडे. मग ते घाईघाईने गर्दीच्या मागे गेले. रिझ्की त्यांच्या मागोमाग सरकला.

तो परत आला तेव्हा पांढराफटक पडला होता. "वायरलेसवर बोलतायत. थांबवा म्हणतायत. पलीकडचा माणूस म्हणतोय, जहाजाची ही फेरी पूर्ण केल्याशिवाय थांबता येणार नाही!"

मारलिना धावली. गर्दीतून वाट काढत ती ढोलापुढे येऊन पोहोचली. "उवा! ढोल थांबवा!"

उवांचा हात चालूच राहिला. "लिना, बाजूला हो."

"उवा, जहाज बार काढतंय! दादा उडी मारेल आता!"

"काय चाललंय हे?" हाजी बाद्रुन पुढे आले. "मान मोडायचाय का तुला? कोणीतरी धरा त्या पोरीला!"

"मला नका धरू, त्यांना धरा!" मारलिनाने बोट दाखवलं. पाक हेंद्रा वायरलेस हातात घेऊन गर्दीच्या कडेला उभे होते. सगळ्या माना तिकडे वळल्या.

"ते... मला वाटतं, आज हा कार्यक्रम पुढे ढकलावा," पाक हेंद्रा म्हणाले. "हवामान ठीक दिसत नाही."

लोकांनी वर पाहिलं. आभाळात ढगाचा एक तुकडाही नव्हता.

"हवामान?" एम्बो सिनार म्हणाली.

"पाक हेंद्रा," मारलिना मागे हटली नाही. "तो माझा भाऊ आहे. त्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला म्हणून तो गेलाय. आता तुम्ही खरं बोला. मी बोलले तर ढोल थांबणार नाही. तुम्ही बोललात तर थांबेल."

ढोल वाजत होता. लांब खडकापाशी होडी आडवी झाली होती.

पाक हेंद्रांनी डोळे मिटले आणि ते ओरडले, "थांबवा! त्याला पाण्यात उतरू देऊ नका! बार चालू आहेत!"

उवांचा हात हवेतच राहिला.

इतकी शांतता लेंगारूच्या धक्क्यावर कधी झाली नसेल. पिवळा रुमाल फडफडला तरी ऐकू येत होता. सगळे डोळे ताणून बघत होते. होडी तिथेच डुलत होती. त्यात माणसं किती, दोन की तीन, ते उन्हाच्या चकाकीत दिसेना. एम्माने मारलिनाचा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं रुतली.

मग होडीतून एक वल्हं उभं वर आलं. पाणबुड्या वर आहे, याची ती खूण!

"आहे! आहे! होडीतच आहे!" डुल्ला नाचायला लागला. होडीचं टोक गावाकडे वळलं आणि मगच उवांनी हात खाली घेतला.

सहारून धक्क्यावर चढला तेव्हा त्याच्या हातात टोपली तशीच होती, एक केळंही हललं नव्हतं. "पाय पाण्यात सोडले होते," तो म्हणाला. "दोर बांधून झाला होता. छातीत श्वास भरत होतो आणि ढोल थांबला." त्याने बहिणीकडे पाहिलं. नेहमीची टपलीसुद्धा त्याने मारली नाही.

"ढुप्पदादा," मारलिना म्हणाली, आणि मग मात्र ती रडायला लागली.

वायरलेस बराच वेळ खरखरत राहिला. शेवटी रिझ्कीने शिडीवरून पाण्यात डोकं घालून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि अंगठा वर केला. बार थांबले होते.

पाक हेंद्रा एका खांबाला टेकून बसले होते. "जहाजाचा एकेक दिवस महाग असतो," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "मानाच्या दिवसांत पाण्यात कोणी नसतं, असं मीच कळवलं. मला वाटलं, कुणाला इजा होणार नाही. मी विचारलंच नाही, की नैवेद्य कसा जातो."

"पोरांनी विचारलं होतं तुम्हाला," एम्बो सिनार म्हणाली. "उत्तर काय दिलंत?"

पाक हेंद्रा खांबाच्या आड सरकले.

हाजी बाद्रुन दाढीवरून हात फिरवत तिन्ही मुलांसमोर येऊन उभे राहिले. "मला दिवे हवे होते," ते म्हणाले. "अजूनही हवेत. पण जो माणूस सांगूनही थांबत नाही, त्याच्या हातात आपला समुद्र द्यायचा का, हे आज गावाला विचारीन. आधीच विचारायला हवं होतं." त्यांनी डुल्लाचा कान धरला, पण हळूच. "आणि अजानीच्या वेळी पाण्यात खेळायचं नाही! कालचा दिवस सोडून."

लोक हसले. कोणी रिझ्कीच्या पाठीवर थाप मारली, कोणी डुल्लाला खांद्यावर घेतलं. एम्बो सिनारने मारलिनाची हनुवटी धरून तोंड वर केलं. "मी तुझ्याएवढी होते तेव्हा माझं ऐकून कोणी ढोल थांबवला नसता," ती म्हणाली. "कारण मी असं उभं राहून मागितलंच नसतं." मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "नैवेद्य उद्या जाईल! जहाज नजरेआड झालं की. तोवर होड्या बांधलेल्या राहतील. कोण आडवं येतंय बघू!"

अधिकाऱ्यांची बोट दुपारी लागणार होती. बैठकीची तयारी सुरू झाली. बायका चटया अंथरायला लागल्या, माणसं मोठमोठ्याने वाद घालायला लागली. कोण म्हणे जहाज हाकलून द्या, कोण म्हणे लेखी घ्या, कोण म्हणे आधी जेवा. या सगळ्या गोंधळात मारलिनाला दिसलं, की पाक हेंद्रा हळूच उठलेत. कोपऱ्यात उभं राहून ते वायरलेसवर कोणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होते. "हो, कंपनीची स्पीडबोट पाठवा. मागच्या बाजूने. नाही, बैठकीला मी नसलेलाच बरा."

मागच्या बाजूला म्हणजे जिथे ओहोटीला धारदार प्रवाळ उघडं पडतं आणि अनवाणी एक पाऊलही टाकता येत नाही तिथे.

मानाच्या दिवशी धक्क्यावर सगळे अनवाणी येतात. बाहेर शिडीपाशी चपलांचा ढीग पडला होता, आणि त्यात पॉलिश केलेले काळे बूट एकाच माणसाचे होते.

मारलिनाने कोणाला हाक मारली नाही. ती शांतपणे शिडीपाशी गेली, ते बूट उचलले, मांडीवर घेतले आणि पहिल्याच पायरीवर बसली. थोड्याच वेळात पाक हेंद्रा बूट शोधत तिथे आले.

"बसा ना, पाक," ती थोडी बाजूला सरकून म्हणाली. "अधिकारी आले, आणि तुम्ही आम्हाला सांगितलंत तेच त्यांना सांगितलंत, की लगेच देते."